अंगणातील सावलीचे शीड : आधार, ताण आणि खबरदारी



होळीची राख थंड होते न होते तोच विदर्भातील अंगणे तापू लागतात. चैत्राच्या अखेरीस नागपूर, चंद्रपूर, अकोला या परिसरात पारा चाळीस अंश ओलांडतो आणि वैशाखात कित्येक दिवस पंचेचाळिसाच्या आसपास रेंगाळतो. ज्यांच्या घरावर पत्रा आहे, त्यांना दुपारी घरातही थारा नसतो. अशा वेळी अंगणात एक सावलीचा तुकडा असणे ही चैन राहत नाही. ती गरज होते. आजारी वृद्ध, पाळण्यातील मूल, पापड-कुरडया वाळवून थकलेली गृहिणी, उन्हातून आलेला पाहुणा, या सर्वांना तो तुकडा हवा असतो.

सावलीची ही सोय आपल्याकडे नवी नाही. चार बल्ल्या रोवून त्यांवर तुराट्या, पऱ्हाट्या किंवा पळसाच्या फांद्या पसरून केलेला मांडव महाराष्ट्रातील खेड्यांना पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. अलीकडे त्याची जागा विणलेल्या प्लास्टिकच्या जाळीने घेतली आहे. शेडनेट किंवा नुसतीच ‘हिरवी जाळी’ म्हणून ती बाजारात मिळते. नागपूर शहरात तर उन्हाळ्यात सिग्नलवर थांबणाऱ्या दुचाकीस्वारांसाठीही चौकाचौकांत अशा जाळ्या ताणण्यात आल्या आहेत. अहमदाबादने २०१३ साली आणि नागपूरने २०१६ साली उष्णतेच्या लाटेशी सामना करण्याचा कृती आराखडा हाती घेतला. तेव्हापासून सावली हा सार्वजनिक आरोग्याचा विषय आहे, ही जाणीव वाढीस लागली आहे.

परंतु जुना मांडव आणि नवी जाळी यांत एक महत्त्वाचा भेद आहे आणि तो ध्यानात न घेतल्यामुळे सावलीसाठी बांधलेले कापड संकटाचे कारण होते. आजच्या विवेचनाचा विषय तोच आहे.

मांडव आणि शीड

मांडव स्वतःच्या वजनावर उभा असतो. वारा आला की तो थोडा हलतो, डहाळ्यांमधून वारा निघून जातो. फार झाले तर एखादी फांदी खाली येते. ताणलेले कापड मात्र वजनावर नव्हे, ओढीवर उभे असते. ते गलबताच्या शिडासारखे असते. शिडाचे कामच मुळी वारा धरण्याचे! ज्या शिडाने भरलेले गलबत समुद्रातून ओढून न्यावे, त्याच जातीची वस्तू आपण घराच्या गच्चीला आणि कुंपणाला बांधत असतो, याचे भान ठेवले पाहिजे.

प्राचीन रोममधील कलोसियम या प्रेक्षागृहावर प्रेक्षकांना सावली देणारे विशाल कापडी छत असे. ते ताणण्यासाठी आरमारातील खलाशी नेमलेले असत. शिडाचे शास्त्र ज्यांना ठाऊक, त्यांच्याच हाती छताचे दोर देण्याचा हा व्यवहार मोठा शहाणपणाचा होता. आधुनिक काळात जर्मन वास्तुविशारद फ्राय ओटो यांनी या विद्येला नवे रूप दिले. १९५५ साली कासेल येथील उद्यान प्रदर्शनात त्यांनी चार टोकांवर ताणलेले एक कापडी छत्र उभारले. दोन समोरासमोरची टोके उंच आणि उरलेली दोन खाली, अशी त्याची रचना होती. म्युनिक येथे १९७२ साली भरलेल्या ऑलिम्पिक सामन्यांच्या क्रीडांगणाचे जगप्रसिद्ध छप्परही त्यांच्याच सहभागातून साकारले. आज घरोघरी लावल्या जाणाऱ्या चौकोनी शिडांचे मूळ या प्रयोगांत आहे.

ओढ किती असते ?

एक साधे उदाहरण घेऊ. दहा मीटर अंतरावरील दोन खांबांना दोर बांधला आणि त्याच्या मध्यावर दहा किलो वजनाची भरलेली बादली टांगली. दोर मध्यभागी एक मीटर खाली झुकला, तर दोरातील ओढ सुमारे पंचवीस किलो भरते. आता दोर इतका ताणला की तो केवळ पंचवीस सेंटिमीटर झुकावा. ओढ शंभर किलोंवर जाते. बादली तीच आणि पाणीही तेवढेच, पण खांबांवरील जोर चौपट झाला. दोर जितका सपाट, तितकी त्याच्या टोकांची ओढ अधिक, असा हा निसर्गनियम आहे.

आता बादलीच्या जागी वारा घ्यावा. ताशी ७२ किलोमीटर वेगाचा झोत दर चौरस मीटरवर सुमारे २४ किलोंचा दाब देतो. पाच मीटर लांब आणि चार मीटर रुंद अशा कापडावर हा जोर ४८० किलोंच्या घरात जातो. जाळीच्या छिद्रांतून काही वारा निसटतो हे खरे. परंतु दाट विणीच्या जाळीत ती सवलत थोडीच असते. उन्हाळ्यातील वळवाच्या वादळात असा झोत येणे मुळीच असाधारण नाही. इमारतींच्या आराखड्यासाठी भारतीय मानकाने नागपूरकरिता गृहीत धरलेला मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर इतका आहे. पन्नास वर्षांतून एखाद्या वेळी अपेक्षित असा तो झोत होय. त्या वेगाला त्याच कापडावरील जोर सव्वादोन टनांहून अधिक होतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, हे येथील सूत्र आहे.

या आकड्यांतून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, कापडाचे आधार नेहमीच्या वाऱ्याच्या कित्येक पट जोर पेलणारे असावेत. दुसरा असा की, घरगुती शीड हे मोठ्या वादळात उभे ठेवण्यासाठी नाहीच. ते वेळेवर उतरवण्यासाठी आहे.

आधार कोठे घ्यावा ?

समजा, एखाद्या तालुक्याच्या गावी एका कुटुंबाने अंगणावर हिरवी जाळी ताणली आहे. तिचे एक टोक गच्चीच्या कठड्याला, दुसरे कुंपणाच्या भिंतीला, तिसरे कडुनिंबाला आणि चौथे रस्त्याकडेच्या विजेच्या खांबाला बांधले आहे. महिनाभर सगळे सुरळीत चालते. आजी खाली बसून डाळ निवडतात, पाळणा तेथेच असतो. एके दिवशी चारच्या सुमारास आभाळ भरून येते, धुळीचा लोट उठतो आणि जाळी फुगते. त्या क्षणी चारही आधारांची परीक्षा होते आणि चारही आधार मुळातच चुकीचे आहेत.

गच्चीचा कठडा बहुधा अर्ध्या विटेचा असतो. एक मीटर उंचीच्या अशा कठड्याचे वजन दर धावत्या मीटरला दोनशे किलोंच्या आसपास भरते. ते वजनच त्याला उभे ठेवते. बाजूने ओढणाऱ्या जोराला तो फारसा विरोध करू शकत नाही. कठडा कोसळला तर विटा नेमक्या सावलीत बसलेल्यांवर येतात. कुंपणाच्या भिंतीची गोष्टही याहून वेगळी नाही. झाड वाऱ्यात स्वतः डोलते आणि प्रत्येक झोक्याला कापडास हिसका देते. शिवाय दोर सालीत रुतून झाडाची हानी होते. विजेच्या खांबाचा तर विचारही करू नये. ते कृत्य जिवावर बेतणारे आहे आणि नियमबाह्यही आहे. विजेच्या तारांखाली किंवा तारांलगत शीड उभारूच नये. सुटलेले ओले कापड तारेवर जाऊन पडले तर त्याला हात लावणाऱ्याचा प्राण जाऊ शकतो. अशा प्रसंगी कापड ओढून काढण्याच्या फंदात न पडता वीज कंपनीच्या कर्मचाऱ्यांनाच बोलवावे.

मग आधार कोठे घ्यावा? घराच्या बाजूस सिमेंट काँक्रीटचा स्तंभ किंवा तुळई हाच विश्वासाचा आधार. गिलाव्याखाली वीट आहे की काँक्रीट, हे बांधकाम करणाऱ्या गवंड्याकडून जाणून घ्यावे. तुळईच्या कडेजवळ भोक पाडू नये, कारण कोपरा फुटतो. प्रसरण पावणारे बोल्ट योग्य खोलीपर्यंत बसवावेत. भोकातील भुकटी फुंकून साफ केल्याखेरीज बोल्टाची पकड बसत नाही. पत्र्याच्या छपराला, खिडकीच्या गजांना किंवा सज्जाच्या कडेला आकडा अडकवणे सर्वथा टाळावे.

खांबाचा पाया

ज्या बाजूस पक्के बांधकाम नाही, तेथे लोखंडी खांब रोवावा लागतो. उल्लेखिलेल्या आकाराच्या शिडासाठी सुमारे दहा सेंटिमीटर व्यासाचा, जाड पत्र्याचा नळ घ्यावा. जमिनीवर जितकी उंची, तिच्या एकतृतीयांश भाग तरी जमिनीखाली असावा. तीन मीटर उंचीसाठी एक मीटर खोल खड्डा हे किमान प्रमाण समजावे. साठ सेंटिमीटर लांब-रुंद आणि एक मीटर खोल खड्ड्यात जे काँक्रीट मावते, त्याचे वजन सुमारे साडेआठशे किलो होते. हे वजनच खांबाचे खरे बळ होय. मुठीएवढ्या खड्ड्यात दोन घमेली माल ओतून रोवलेला खांब पहिल्याच वादळात कलतो.

विदर्भ-मराठवाड्यातील काळ्या मातीबाबत विशेष सावधगिरी हवी. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. नेमक्या ज्या ऋतूत शीड उभे असते, त्याच ऋतूत पायाभोवतीची पकड सुटते. म्हणून काळ्या थराखालील मुरूम लागेपर्यंत खणावे आणि पाया त्यात बसवावा. खणण्यापूर्वी नळाची, सांडपाण्याची किंवा विजेची वाहिनी तेथून जात नाही ना, याची खात्री करून घ्यावी.

एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी या प्रमाणातील काँक्रीट घरगुती कामास योग्य असते. खांब सरळ न रोवता ओढीच्या विरुद्ध दिशेस, म्हणजे बाहेरच्या बाजूस, सुमारे पाच अंश कलता ठेवावा. तीन मीटर उंचीवर हा कल पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास येतो. ताण पडल्यावर खांब किंचित आत येतो, तेव्हा हा कल उपयोगी पडतो. पायाचा माथा चारही बाजूंनी उतरता करावा, म्हणजे बुडाशी पाणी साचून लोखंड गंजणार नाही. नळाचे वरचे तोंड झाकणाने बंद करावे. उन्हाळ्यात काँक्रीट लवकर सुकते आणि कच्चे राहते. म्हणून त्यावर ओले गोणपाट टाकून किमान सात दिवस, शक्य तर त्याहून अधिक दिवस पाणी मारावे. काँक्रीटला पूर्ण बळ येण्यास सुमारे अठ्ठावीस दिवस लागतात. आज खांब रोवून उद्या कापड ताणण्याची घाई सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवते. होळीनंतर शीड हवे असेल, तर खड्डे माघातच खणले पाहिजेत.

सावली पडते कोठे ?

पुष्कळांचा असा समज असतो की, कापड जेथे, सावली तेथे. नागपूरच्या अक्षांशावर मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि तेव्हा हे खरेही असते. परंतु सायंकाळी चार वाजता तोच सूर्य पश्चिमेस क्षितिजापासून सुमारे ३७ अंशांवर असतो. त्या वेळी तीन मीटर उंचीवरील कापडाची सावली चार मीटर पूर्वेकडे सरकलेली असते. म्हणजे बाज कापडाखाली आणि सावली शेजारच्या कुंपणावर, अशी स्थिती होते. म्हणून शिडाचा पश्चिमेकडील कोपरा खाली आणि पूर्वेकडील उंच ठेवावा, अथवा बसण्याच्या जागेच्या मानाने संपूर्ण शीडच थोडे पश्चिमेस सरकवावे.

कोपरे वर-खाली ठेवण्याचे दुसरे कारण बळाचे आहे. चारही टोके एकाच पातळीवर ठेवली तर कापड सपाट राहते, वाऱ्यात फडफडते आणि टोकांवरील ओढ वाढते. समोरासमोरचे दोन कोपरे उंच आणि दोन खाली ठेवल्यास कापडाला खोगिरासारखा बाक येतो. मग वारा खालून उचलू लागला की एका दिशेचे धागे त्याला धरून ठेवतात आणि वरून दाबू लागला की दुसऱ्या दिशेचे धागे पेलतात. याच कारणास्तव चांगल्या शिडाच्या कडा सरळ नसून आत वळलेल्या असतात. सरळ कडेचे कापड कितीही ताणले तरी तिची कड सैल राहून फडफडते आणि फडफडणारे कापडच आधी फाटते.

पाणी अडवणाऱ्या कापडास उतार तर अत्यावश्यक आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. वीस चौरस मीटरच्या सपाट ताडपत्रीवर वीस मिलिमीटर पाऊस साचला, तर चारशे लिटर, म्हणजेच चारशे किलो वजन डोक्यावर तोलले जाते. छिद्रयुक्त विणलेली जाळी या दृष्टीने अधिक निर्धोक आहे. तीतून पाणी गळते आणि कोंडलेली ऊनही वर निघून जाते. अतिनील किरणांना टिकणारी जाळीच घ्यावी, अन्यथा एक-दोन उन्हाळ्यांतच तिचे धागे ठिसूळ होतात.

ताणण्याची रीत

कापडाचा कोपरा आणि आधार यांच्यामध्ये टर्नबकल, म्हणजे दोन्ही टोकांस उलटसुलट आटे असलेला ताणस्क्रू असावा. त्यासाठी प्रत्येक टोकाला मोकळे अंतर सोडून आधाराच्या जागा आखाव्यात. कापड आधाराच्या मापाचेच आणले तर ताणायला जागाच उरत नाही. उघड्या आकड्याचे टर्नबकल टाळावे; कापड क्षणभर सैल पडले की आकडा निसटतो. त्याऐवजी पिनेने बंद होणारे तोंड किंवा शॅकल वापरावे. कोकणच्या खाऱ्या हवेत साधे लोखंड फार काळ टिकत नाही; तेथे उत्तम प्रतीच्या गंजरोधक पोलादाचेच सामान घ्यावे.

तारेचा दोर वापरल्यास त्याच्या टोकाच्या फासात धातूची वाटी घालून तीन क्लिपा आवळाव्यात. क्लिपेचे खोगीर ओढ घेणाऱ्या लांब दोरावर आणि तिचा वाकलेला गज तोकड्या टोकावर यावा. हे उलटे झाले तर गज ओढीच्याच दोरास चेचतो आणि दोर तेथेच तुटतो.

काम पहाटे, वारा नसताना सुरू करावे आणि किमान दोघांनी करावे. शिडी चार फूट उंचीला एक फूट या हिशेबाने भिंतीपासून दूर ठेवावी आणि ती खालून कोणीतरी धरावी. सर्व टर्नबकल पूर्ण उघडून घ्यावेत. मात्र आट्यांचा पुरेसा भाग आत राहिला आहे याकडे लक्ष असावे. आधी उंचावरील दोन कोपरे अडकवावेत, नंतर खालचे. चौथा कोपरा आणण्यास दोराची मदत घ्यावी. मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर लावून ओढू नये. नंतर एकाच कोपऱ्यावर सगळा ताण न देता समोरासमोरच्या कोपऱ्यांस आळीपाळीने थोडे थोडे फेरे द्यावेत. सुरकुत्या मावळल्या, तळहाताने दाबल्यावर कापड लगेच वर आले आणि फडफड थांबली, की ताण पुरेसा झाला असे समजावे. आवळत असताना ओढीच्या रेषेत उभे राहू नये. एखादा जोड सुटलाच तर धातूचा तुकडा त्याच रेषेत गोफणीच्या दगडासारखा येतो. शेवटी टर्नबकल आपोआप फिरू नये म्हणून त्यात तार ओवून टाकावी.

नवे कापड पहिल्या आठवड्यात थोडे सैलावते. तेव्हा पुन्हा ताण द्यावा. पुढे दर पंधरवड्यास कोपऱ्यांची शिवण, बोल्टभोवतीच्या भेगा आणि खांबाचे बूड पाहत जावे. खांबाच्या बुडाशी बोटभर फट दिसली तरी शीड उतरवून आधी पाया दुरुस्त करावा. ही जाळी पेट घेणारी आहे. तिच्याखाली चूल, शेगडी किंवा फटाके नकोत.

उतरवण्याचे शहाणपण

शीड बांधणाऱ्याची खरी कसोटी ते उतरवण्यात असते. खालचे दोन कोपरे हाताशी येतील अशा उंचीवर आणि चटकन सोडता येतील असे ठेवावेत. घरातील किमान दोन प्रौढ माणसांना सोडण्याची रीत ठाऊक असावी. हवामान खात्याकडून वादळी वाऱ्याचा इशारा मिळाला, की आभाळ भरण्याची वाट न पाहता सकाळीच कापड उतरवून ठेवावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सिद्ध केलेले ‘दामिनी’ हे भ्रमणध्वनीवरील साधन परिसरातील विजांची आगाऊ सूचना देते. त्याचाही लाभ घ्यावा. वारा सुटल्यावर फुगलेल्या शिडाशी झोंबत बसणे धोक्याचे आहे. तोवर उशीर झाला असेल, तर खालची माणसे घरात घ्यावीत आणि कापडाचे व्हायचे ते होऊ द्यावे. कापड पुन्हा विकत आणता येते.

होळीनंतर चढवावे आणि मृगाच्या आत उतरवावे, हा घरगुती शिडाचा सोपा पंचांगनियम मानावा. उतरवलेले कापड धुऊन, पूर्ण वाळवून, उंदरांपासून दूर ठेवल्यास ते अनेक उन्हाळे साथ देते. याहून मोठे शीड, विशेषतः शाळा, अंगणवाडी, दवाखाना अथवा बाजाराच्या जागेवर उभारावयाचे असल्यास स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घेतल्याशिवाय एकही खड्डा खणू नये. तेथे एका कुटुंबाची नव्हे, अनेक घरच्या लेकरांची सुरक्षितता त्या चार टोकांवर अवलंबून असते.

पूर्वी लग्नाचा मांडव घालताना मुहूर्तमेढ पक्की रोवल्याशिवाय पुढचे काम सुरू होत नसे. वरची सजावट कितीही देखणी असली तरी भार मेढीवरच येतो, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. कापड बदलले, बल्लीच्या जागी लोखंडी नळ आला, सुतळीच्या जागी तारेचा दोर आला. मेढीचे महत्त्व मात्र तेवढेच राहिले. त्या तालुक्याच्या गावातील आजींना आणि पाळण्यातील बाळाला सावली मिळालीच पाहिजे. ती निर्धास्तपणे मिळावी, एवढ्यासाठी माघातील चार खड्डे आणि वैशाखातील थोडी जागरूकता ही फार मोठी किंमत नव्हे.